गोष्ट संपल्यावर लगेच प्रश्न विचारू नका

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, सगळे नाही निघाले.)

आज पाहुणा नाही, मुलाखत नाही. मी एकटाच बोलणार आहे. बसमध्ये असाल तर हेडफोन लावा, भांडी घासत असाल तर आवाज वाढवा.

तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतो. होमस्कूलिंग. मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवता येतं का? आणि त्याच्या मागोमाग येतं, कोणतं ॲप घ्यायचं, कोणता सिलॅबस, टाइमटेबल किती तासांचं. आजवर एकानंही असं विचारलं नाही की पोराशी बोलायचं काय, आणि किती वेळ. मला वाटतं खरा प्रश्न तो आहे. का वाटतं, ते सांगतो.

आधी एक कबुली. मी शिक्षणतज्ज्ञ वगैरे नाही. बीटेक करून सॉफ्टवेअर लिहितो. पण एका पोरीचं घरचं शिक्षण मी जवळून पाहिलंय, थोडं केलंय आणि थोडं बिघडवलंयसुद्धा. ती माझी पुतणी. तिचं नाव घेत नाही. आता ती मोठी होतेय, आपलं नाव इंटरनेटवर असावं की नसावं हे तिचं तिला ठरवू दे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. तेव्हा माझी नोकरी नवीन होती. लॅपटॉप पाठीला लावला आणि पुण्याहून थेट गावी, धनजला आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वाशिम जिल्हा, कारंजा तालुका. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी. घरात आजी, आईबाबा, दादा, वहिनी आणि ही पोट्टी. जूनमध्ये तिची पहिली सुरू होणार होती. नवं दप्तर आणून ठेवलेलं. ते खुंटीला लटकलं ते लटकलंच. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला, जानेवारीत पुन्हा थोडे दिवस बंद झाले. म्हणजे पहिली अख्खी गेली आणि दुसरी अर्धी गेली. आम्ही होमस्कूलिंग निवडलं नव्हतं. ते आमच्यावर येऊन पडलं होतं.

आता घरात इंजिनिअर बसलेला. तो काय करणार? सिस्टीम बनवणार! मी एक्सेल शीट काढली. सकाळी नऊ ते साडेनऊ अक्षरं, मग अंक, मग व्हिडिओ. वर्कशीटची पीडीएफ उतरवून घेतली. फोन तिच्या हातात दिला आणि मी शेजारच्या खोलीत स्टँडअप कॉलला. पहिला आठवडा झकास. दुसऱ्या आठवड्यात ती व्हिडिओ पुढं ढकलून कार्टून पाहायला शिकली. तिसऱ्या आठवड्यात मी 'ये, अभ्यासाला बस' म्हटलं की पोट दुखायला लागायचं. माझ्या शीटमध्ये मात्र सगळे चौकोन हिरवे. तिनं स्क्रीनला बोट लावलं की काम झालं असं मी धरत होतो. चुकीची गोष्ट मोजत होतो, दुसरं काय.

आणि त्याच घरात, त्याच वेळी, आजीपाशी वेगळंच चाललं होतं.

आजीला वाचता येत नाही. सही करते, पण ते अक्षर नाही, चित्र आहे. संध्याकाळी ओट्यावर ती तूर निवडायला किंवा लसूण सोलायला बसली की पुतणी तिला चिकटायची. मग गोष्ट. चिमणी-कावळ्याची, भोपळ्यातल्या म्हातारीची, तुम्हाला माहीत आहेत त्याच. पण आजीच्या गोष्टीत पाऊस मिरगाचा असायचा, आणि कावळ्याचं शेणाचं घर वाहून जायचं ते आमच्याच नाल्यातून. एका संध्याकाळी पुतणीनं गोष्ट मध्येच अडवली. म्हणाली, "चिमणीनं दार काहून नाही उघडलं? तो भिजून रायला ना!" आजीनं लसूण खाली ठेवला. "लेकराले न्हाऊ घालत होती ते. तू असती तं काय केलं असतं व?" आणि मग दोघींचं अर्धा तास चाललं. कावळा आधी कसा वागला होता? पावसात कुणी दारात आलं तर आधी दार उघडायचं की आधी भांडण मिटवायचं? पुतणीचं म्हणणं, चिमणी वाईट आहे. आजीचं म्हणणं, एकट्या बाईनं दार उघडायच्या आधी विचार करावा लागतो. सहा वर्षांच्या पोरीनं हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग खिडकीतून टॉवेल द्यायचा."

मी आत म्यूटवर बसून हे ऐकत होतो. आणि पुढच्या दिवशी मी काय केलं? त्यातही सिस्टीम घुसवली. आजीची गोष्ट संपली रे संपली की मी हजर. "मग, या गोष्टीतून आपण काय शिकलो? चिमणीनं घर कशाचं बांधलं होतं? मेण कुठून मिळतं?" चार दिवस तिनं सहन केलं. पाचव्या दिवशी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "काका, तू पेपर घेऊन रायला का?" आणि उठून गेली. वाईट म्हणजे त्यानंतर दोन-तीन दिवस आजीकडंही गोष्ट मागायला आली नाही. आजी मला एवढंच बोलली, "तुले ऐकाचं नसन तं बसत नको जाऊ." हा एपिसोड खरं म्हणजे त्या वाक्यामुळं करतोय.

पुढं मी थोडं वाचलं, आणि कळलं की हा घोळ घालणारा मी पहिला नाही. गिजुभाई बधेका, गुजरातमधल्या भावनगरच्या बालमंदिराचे. त्यांचं 'दिवास्वप्न' हे छोटंसं पुस्तक १९३२ च्या आसपासचं, मूळ गुजराती, मराठीतही मिळतं. त्यातला मास्तर नवी पद्धत आखून मोठ्या तयारीनं वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी सगळं फसतं. पोरं ऐकत नाहीत. मग तो गोष्ट सांगायला लागतो आणि वर्ग त्याच्या हातात येतो. परीक्षा नाही, तात्पर्य नाही, नुसती गोष्ट. आपल्या ताराबाई मोडक याच गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करत होत्या. नंतर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडला, अनुताई वाघांना सोबत घेऊन, आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्या. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, तो त्या कामातून आलाय.

बरं, 'गप्पांमधून शिकतात' हे ऐकायला गोड आहे, पण पुरावा काय? तुमच्यातले अर्धे इंजिनिअर आहेत, ते विचारणारच. मला आवडलेला एक अभ्यास सांगतो. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज, लंडन, पुस्तक १९८४ चं. त्यांनी चार वर्षांच्या आतबाहेरच्या तीस मुली घेतल्या, निम्म्या कामगार घरांतल्या, निम्म्या मध्यमवर्गीय. अंगावर छोटा माइक. घरी आईशी काय बोलतात ते रेकॉर्ड केलं, आणि त्याच मुली बालवाडीत बाईंशी काय बोलतात तेही. घरी एका मुलीचे तासाला सरासरी २६ प्रश्न. बालवाडीत दोन.

मुलगी तीच आहे हो! मेंदू तोच. बालवाडीत प्रश्न बाई विचारत होत्या आणि मुली उत्तरं देत होत्या, तीही एकेका शब्दाची. आता बाईंवर खापर फोडू नका. एका बाईपुढं डझनभर पोरं असली की असंच होणार. पण कामगार घरातल्या आया, ज्यांना 'तुम्हाला पोरांशी बोलता येत नाही' असं शिकलेली माणसं सांगत होती, त्यांच्या घरातही हे बोलणं भरपूर होतं. त्यात एक मुलगी आहे, खिडक्या पुसायला येणाऱ्या माणसाला पैसे का द्यायचे, यावर आईला सोडतच नाही. एकदा विचारते, उत्तर मिळतं, पचत नाही, थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं विचारते. वाचताना मला हसू आलं, कारण आमच्याकडं हेच सोयाबीनवरून झालं होतं.

दुसरा अभ्यास पटकन सांगतो. एमआयटीतला, २०१८ चा. चार ते सहा वर्षांची ३६ मुलं, घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं, मग गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग. मुलाच्या कानावर किती शब्द पडले, यापेक्षा बोलण्याची देवघेव किती वेळा झाली याचा भाषेशी संबंधित मेंदूच्या कामाशी जास्त संबंध दिसला, घर गरीब असो की श्रीमंत. आपल्या भाषेत सांगायचं तर नुसतं ब्रॉडकास्ट करून उपयोग नाही, रिक्वेस्ट गेली, रिस्पॉन्स आला, असे राउंड ट्रिप मोजा. ३६ मुलं म्हणजे फार मोठा आकडा नाही, हेही लक्षात ठेवा.

आता सोयाबीन.

ऑक्टोबर २०२०. दादा माल विकून आला आणि ताटावर गप्प बसला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता. दादाला त्यापेक्षा कमी मिळाला, कारण व्यापारी म्हणाला ओलावा जास्त आहे. पुतणी शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "सोयाबीन आपलं हाय, तं भाव त्याईनं काहून ठरवला?"

कुणी उत्तर दिलं नाही. काय देणार? दादा म्हणाला, "जेव." पण ती कसली सोडते. पुढचे चार-पाच दिवस हेच. आधी ओलावा. वाळलेल्या दाण्यात पाणी कसं असेल, दिसत तर नाही. आजीनं दाणा दाताखाली धरायला दिला. कडकन फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. मग मी सांगितलं की सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. टक्के म्हणजे काय? शंभर दाणे मोजले, बारा बाजूला काढले. खरं तर ही वजनाची टक्केवारी आहे, दाण्यांची नाही, हे मला नंतर सुधारून सांगावं लागलं. ते तिला पटेना, म्हणून किराणा दुकानातल्या काट्यावर एक किलो सोयाबीन मोजून आणलं, पोत्यावर तीन दिवस उन्हात पसरलं, राखण तिची, कोंबड्या हाकलायचं कामही तिचं. पुन्हा मोजलं तर सत्तरेक ग्रॅम कमी भरलं. तिची पहिली प्रतिक्रिया, "कोंबडीनं खाल्लं." मग बराच वेळ विचार करून, "नाई. पानी गेलं."

मंडळी, मी बीटेकला चार वर्षं लॅब केली. इतका स्वच्छ प्रयोग माझ्या जर्नलमध्ये एकही नाही. बहुतेक रीडिंग मित्राच्या वहीतून उतरवलेली.

पण तिचा मूळ प्रश्न तसाच राहिला होता. पाचव्या दिवशी दादाजवळ जाऊन म्हणाली, "बाबा, आता वाळवून नेलं तं भाव आपन सांगाचा का?" दादानं तिला मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदा नीट सांगायला बसला. पेरणीला पैसे कुणाचे घेतले, ते दिवाळीच्या आत का द्यायचे, म्हणून वाळवायला थांबता का येत नाही. उधारी हा शब्द तिला त्या दिवशी समजला. मला वाटतं मलाही त्याच दिवशी समजला. मी त्याच घरात वाढलो, पण हे कुणाला विचारलंच नव्हतं. आम्हाला लहानपणी 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नको' होतं.

हे वर्कशीटमध्ये बसत नाही. आणि हे 'गंमत जंमत' पण नाही. मुलांशी खरं बोलायचं म्हणजे कधीतरी असा प्रश्न येतो ज्याचं उत्तर देताना मोठ्या माणसाचा गळा दाटतो. त्या वेळी 'जेव' म्हणणं सोपं असतं.

आता तुम्ही म्हणाल, बोलणं ठीक आहे, पण वाचायला कशी शिकली? त्याचीही गोष्टच आहे. आजीच्या गोष्टी ऐकून ऐकून ती स्वतः सांगायला लागली. तिची चिमणी आता खिडकीतून टॉवेल द्यायची. मला वाटलं टाइप करून घ्यावं. फोनचं व्हॉइस टायपिंग लावलं. त्याला वऱ्हाडी कळेना! 'काहून' म्हटलं की काहीतरी भलतंच उमटायचं, आणि ती फोनवर खेकसायची. शेवटी पाठकोऱ्या कागदावर मीच हातानं लिहून घेतलं, ती बोलली तसंच. 'रायला' तर 'रायला'. 'काहून' तर 'काहून'. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं कागद ओढून घेतला. "हे मी बोलली ते हाय?" बोट ठेवून शोधायला लागली, टॉवेल कुठं लिहिलाय. तिनं आपणहून वाचलेला पहिला शब्द टॉवेल. कमळाचा क नाही, टॉवेलचा टॉ. कानामात्रा, अर्धचंद्र, सगळं एकदम.

न्यूझीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना असंच शिकवायच्या. मुलाला आज कोणता शब्द हवाय ते विचारायचं, तो कार्डावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. 'टीचर' नावाचं त्यांचं पुस्तक १९६३ चं आहे. पण इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांना विचारून गोळा केल्या आणि लिहून काढल्या. ते लीळाचरित्र. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणून आपण त्याचा अभिमान धरतो. आणि आहे काय त्यात? प्रसंग आणि संवाद. कोण काय म्हणालं, स्वामी काय म्हणाले. लोकांच्या तोंडची भाषा. आणि आपण मात्र पोराला शाळेत घालायच्या आधी त्याच्या तोंडातलं 'काहून' काढायला बसतो.

हो, प्रमाण मराठी शिकावी लागतेच. ती शिकली. पुस्तकातल्या भाषेला ती 'टीव्हीची भाषा' म्हणायची. दोन्ही येतात आता. पण सुरुवात तिच्या बोलीतून झाली म्हणून वाचनाची भीती बसली नाही, असं माझं मत आहे. एकाच पोरीवरून काढलेलं मत, तेव्हा त्याला तेवढंच वजन द्या.

आता जे जमलं नाही ते. हे सांगितलं नाही तर एपिसोड खोटा होईल.

जानेवारी २०२२ च्या शेवटी शाळा परत सुरू झाली. पुतणी उड्या मारत गेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडत आली. फळ्यावरचं उतरवून घेता येत नव्हतं. वाचायची भराभर, पण लिहायला गोगलगाय. कारण दीड वर्ष लिहीत मी होतो आणि ती सांगत होती! हाताला सवयच नाही. बेरजेची गोष्ट ती पाच मिनिटं समजावून सांगायची, पण पाढे म्हणायला उभं केलं की चारच्या पाढ्यात अडकायची. काही गोष्टी बोलण्यानं येत नाहीत, घोटून येतात. मी घोटण्याला 'जुनाट' म्हणून हसलो होतो. ती चूक माझी. मग वहिनी रोज संध्याकाळी तिला घेऊन बसली. दहा ओळी, रोज, तीन महिने. कंटाळवाणं काम. ते मी केलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.

आणि तरीही त्याच दिवसांत मी घरात विषय काढला. म्हटलं, हिला घरीच शिकवू या का? मी तेव्हा मालविका जोशीची बातमी वाचून भारावलेलो. मुंबईची मुलगी. सातवीनंतर शाळा सोडली, घरी शिकली, प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि दहावी-बारावीचं सर्टिफिकेट नसताना २०१६ मध्ये एमआयटीत प्रवेश मिळवला. प्रोग्रामरसाठी याहून भारी गोष्ट कोणती! मी कायदापण पाहून ठेवला होता. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. घरी शिकवण्याबद्दल त्यात वेगळं काही लिहिलेलं नाही. घरी शिकणारी मुलं साधारणपणे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी देतात, त्यासाठी वय चौदा पूर्ण लागतं. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्यातून पाचवी-आठवीला बसता येतं. सगळं सेट आहे म्हटलं.

वहिनीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊजी, तुमी घरी हाय म्हनून बोलता. मीटिंग लागली का दार लावून घेता. मंग तिच्या प्रश्नाले उत्तर कोन देते? मी देतो. भाकरी टाकता टाकता. सोंगणीच्या दिवसात मी वावरात असतो, तवा कोन बोलन तिच्यासंग? अन् आजी किती दिवस पुरन?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

मालविकाच्या बातमीत सगळ्यांना पदकं दिसली. मलाही. त्याच बातमीत होतं की तिच्या आईनं, सुप्रियाताईंनी, नोकरी सोडली आणि मुलींसाठी घरीच अभ्यास आखला. ती ओळ मी स्क्रोल करून गेलो होतो. आणि मागं जाऊन पाहा. पंडिता रमाबाई, १८५८ चा जन्म. शाळेचं तोंड पाहिलं नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांची बोलणी खाल्ली. पुढं वडील थकले, तेव्हा रमेला शिकवलं आई लक्ष्मीबाईंनी. तीर्थयात्रा करत फिरणारं कुटुंब, घरकाम आवरायच्या आधी भल्या पहाटे पोरीला उठवायचं आणि तोंडी पाठ द्यायचा. हातात पुस्तक नाही. आई म्हणणार, पोरगी म्हणणार. ते पाठांतर होतं, आमच्यासारख्या गप्पा नव्हेत, हे मान्य. पण त्यातून भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' म्हटलं, 'सरस्वती' ही पदवी दिली. तोवर लक्ष्मीबाई गेल्या होत्या, दुष्काळात. आपल्याला पंडिता रमाबाई माहीत असतात. पहाटे उठणारी आई कुठल्या सर्टिफिकेटवर नसते.

म्हणून आता मला कुणी विचारलं की होमस्कूलिंगला खर्च किती येतो, तर मी म्हणतो, पुस्तकांचा फार येत नाही. एका मोठ्या माणसाचा वेळ लागतो, रोजचा, घाई नसलेला. बहुतेक घरांत तो वेळ बाईचा धरलेला असतो, न विचारता. अ‍ॅलन थॉमस नावाच्या संशोधकानं इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या शंभर होमस्कूलिंग कुटुंबांचा अभ्यास केला होता. बरीच कुटुंबं सुरुवातीला घरातच शाळा मांडतात आणि हळूहळू ती मोडून बोलण्याकडं, रोजच्या कामांतून शिकण्याकडं वळतात, असं त्यात आहे. ते वाचून मला बरं वाटलं, माझी एक्सेल शीट आठवली. पण लगेच दुसरा प्रश्न आला, हे बोलणं चालू असताना भाकरी कोण टाकत होतं?

पुतणी शाळेत जाते. मैत्रिणी आहेत, भांडणं आहेत, ती तिला घरी बसून मिळाली नसती. संध्याकाळचा तास मात्र आम्ही ठेवला. मी गावी असलो की तो माझा, नसलो की व्हिडिओ कॉलवर. आणि दादानं आठवड्यातून तीन दिवस रात्रीची भांडी स्वतःकडं घेतली, म्हणजे वहिनीला ओट्यावर बसता यावं. तीन दिवस कसले, कधी दोन होतात.

तुम्हाला करून पाहायचं असेल, शाळेत जाणाऱ्या पोरासोबतसुद्धा, तर फोनवर दोन चांगल्या जागा आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासूनचं आहे, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. आणि प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर', त्यात मराठी गोष्टी भरपूर आहेत, वाचा, छापा, सगळं मोकळं. पण फोन पोराच्या हातात देऊन दुसऱ्या खोलीत जाऊ नका. मी जाऊन आलोय तिथून. आणि गोष्ट संपली की थोडं थांबा. पहिला प्रश्न तिला विचारू द्या. ती काहीच बोलली नाही तरी चालतं, ती बहुतेक टॉवेलचा विचार करत असते.

आजी आता थकलीय. कानानं कमी ऐकते. त्यामुळं गोष्ट सांगायचं काम उलटं झालंय, पुतणी मोठ्या आवाजात सांगते आणि आजी मध्येच अडवते. "असं नाई व, आधी पाऊस आला." मग पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या भागात पुतणी माइकवर यायला तयार झाली आहे. तिची स्वतःची गोष्ट सांगणार आहे, वऱ्हाडीत. अट एकच घातलीय, काकानं मध्ये बोलायचं नाही आणि शेवटी पेपर घ्यायचा नाही. मी हो म्हटलंय. भेटू मग.